तयार झाल्यावर वय जास्त दिसतं? आधी ब्राचा पट्टा, भांग आणि पावडर तपासा, पार्लर शेवटी

घरात साध्या कॉटनच्या ड्रेसमध्ये चाळिशीची दिसणारी बाई साडी नेसून, मेकअप करून लग्नाला निघाली की पन्नाशी ओलांडल्यासारखी दिसते. लग्नसराईत ही तक्रार हटकून येते. लक्षणं बहुधा अशी असतात:

- फोटोत चेहरा राखाडी किंवा पांढुरका, मान आणि हात वेगळ्याच रंगाचे.
- निघताना मेकअप ठीक, पण दोन तासांनी डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला बारीक रेघा उठलेल्या.
- केस मुळांपासून टोकापर्यंत एकसारखे काळेभोर, चेहरा मात्र ओढलेला.
- भांग रुंद, कपाळ मोठं झाल्यासारखं.
- डोळे लहान आणि थकलेले.
- ब्लाउज काखेत गोळा होतो, पाठीवर वळी पडते, खांदे पुढे झुकलेले दिसतात.

यातलं एकही लक्षण वयाचं नाही. सुरकुत्या आणि पांढरे केस हे वय आहे, आणि ते दुरुस्त करायची गोष्ट नाही. इथे प्रश्न आहे तो माप, प्रमाण आणि रंग चुकल्यामुळे फुकट अंगावर चढणाऱ्या वर्षांचा. शरीर, त्वचा, केस हळूहळू बदलत जातात. ब्लाउजचं माप, फाउंडेशनची शेड आणि भांगाची जागा मात्र आपण वर्षानुवर्षं तीच ठेवतो. आणि बिघाड जाणवला की पहिला खर्च होतो फेशियलवर किंवा केसांच्या रंगावर, जिथे दोष बहुतेक वेळा नसतोच. म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधी फुकटातलं, मग थोड्या पैशांचं, मग शिंप्याकडचं.

तपासणी कशी करायची

सेल्फी घेऊ नका. फोन तोंडाच्या जवळ असला की नाक मोठं आणि चेहऱ्याच्या कडा आत गेलेल्या दिसतात, आणि नसलेला दोष शोधत बसावं लागतं. दिवसा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा, घरातल्या कुणालातरी पाच-सहा फुटांवरून, फोन छातीच्या उंचीवर धरून तीन फोटो काढायला सांगा: समोरून, बाजूने, पाठीमागून. प्रत्येक बदलानंतर त्याच जागी पुन्हा फोटो. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या कार्याला तोच घोळ पुन्हा होतो.

फुकटातल्या तपासण्या

भांग. एकाच जागी वर्षानुवर्षं भांग पाडला की तिथले केस दोन्हीकडे आडवे पडायची सवय धरतात आणि टाळू उघडी पडते. भांग अर्धा इंच सरकवा. ओल्या केसांवर नवा भांग पाडून केस जुन्या दिशेच्या उलट वाळवा, तरच ते तिथे टिकतात. फोटोतला रुंदपणा यानेच कमी झाला तर केस गळत नव्हते, फक्त चपटे बसले होते. केसांना तेल लावून त्याच दिवशी अंबाडा घालणं टाळा. तेलाने केस एकमेकांना चिकटतात आणि मधली टाळू दिसायला लागते.

अंबाडा. कपाळावरचे केस ताणून मागे घेतले की कानशिलाजवळचे विरळ केस उघडे पडतात. अंबाडा बांधल्यावर दोन बोटांनी माथ्यावरचे केस हळूच अर्धा सेंटिमीटर वर ओढून सैल करा. गजरा जड असेल तर त्याला स्वतंत्र पिना लावा, नाहीतर त्याच्या वजनाने अंबाडा दोन तासांत मानेवर उतरतो आणि मान आखूड दिसते.

चष्मा. नाकावर घसरलेला चष्मा डोळ्यांखालच्या काळेपणावर नेमकी एक रेघ आखतो. चष्म्याच्या दुकानात नाकाच्या गाद्या आणि काड्या घट्ट करून मिळतात, पाच मिनिटांचं काम आहे. यासाठी नवी फ्रेम लागत नाही.

नेसण. आधी चपला घाला, मग परकर बांधा, मग साडी. उलटं केलं की साडी वर चढते, टाचा उघड्या पडतात आणि सगळी नेसण आखूड दिसते. परकराची नाडी बेंबीच्या आसपास, आणि परकराची खालची कड चपलेसह जमिनीपासून अर्धा इंच वर. चुण्या घालून नाडीत ओवलेला जाड सुती परकर कंबरेला भर घालतो. रेशमी साडीखाली सरळ कापाचा परकर घ्या. निऱ्या पाच ते सात पुरतात. पैठणीसारख्या भरीव साडीला नऊ-दहा बारीक निऱ्या घातल्या तर पोटावर गठ्ठा तयार होतो. पदराची पिन मानेजवळ लावू नका. खांद्याच्या टोकाकडे आणि किंचित मागच्या बाजूला लावली की मान मोकळी राहते.

ब्राचा पट्टा: सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं

बाजूने काढलेला फोटो बघा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध एक रेघ कल्पनेने ओढा. छातीचा उभार साधारण त्या रेघेवर हवा. तो दोन-अडीच इंच खाली असेल तर कंबर आखूड दिसते, पोट पुढे आल्यासारखं वाटतं आणि खांदे झुकलेले दिसतात. मग कितीही महाग साडी नेसा.

आधी खांद्यावरचे पट्टे आवळून बघा. पट्टे आवळल्यावर मागची पट्टी पाठीवर वर चढली तर दोष पट्ट्यांचा नाही, ती पट्टी सैल झाली आहे. वजन खरं तर पट्टीने पेलायचं असतं, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे. पट्टी पाठीवर आडवी, जमिनीला समांतर बसावी आणि तिच्याखाली जेमतेम दोन बोटं जावीत. नवी ब्रा घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसणारी घ्या, म्हणजे इलॅस्टिक सैल होत जाईल तसं आतल्या हुकांवर जाता येतं. सगळ्यात आतल्या हुकावरही सैल होत असेल तर ती ब्रा बाद.

ही तपासणी ब्लाउजच्या आधी करायची, कारण ब्लाउजचे टक्स, म्हणजे छातीला आकार द्यायला शिवलेल्या घड्या, ब्राप्रमाणे पडतात. जुन्या सैल ब्रावर माप देऊन शिवलेला ब्लाउज नव्या ब्रावर पुढून चुकीच्या जागी फुगतो, आणि मग शिंप्याला उगाच बोल लागतो.

पावडर

दोन तासांनी उठणाऱ्या रेघांचं कारण बहुतेक वेळा कोरडेपणा आणि त्यावर चढवलेली पावडर असतं. त्वचा कोरडी असताना फाउंडेशनमधला ओलावा ती शोषून घेते, रंगद्रव्य वर उरतं आणि हसताना जिथे घडी पडते तिथे जमा होतं. त्यावर पुन्हा कॉम्पॅक्ट फिरवला की घडी आणखी ठसठशीत होते.

क्रम असा ठेवा. चेहरा धुऊन किंचित ओलसर असतानाच वाटाण्याएवढं मॉइश्चरायझर लावा, पाच ते दहा मिनिटं थांबा. सनस्क्रीन लावणार असाल तर त्यानंतरही तितकंच थांबा. घाई केली की थरांचे बारीक गोळे सुटतात. पावडर फक्त कपाळाचा मधला भाग, नाक आणि हनुवटी इथे. डोळ्यांखाली आणि गालांच्या बाहेरच्या बाजूला नको. अंगाला लावायची टाल्कम पावडर चेहऱ्यावर अजिबात नको, सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर ती सरळ पांढरी दिसते.

मंगल कार्यालयात असताना रेघा उठल्या तर पावडर लावू नका. टिश्यू पेपर दाबून तेल टिपा, मग किंचित ओल्या बोटाने रेघेवर थापटा, घासू नका. जमा झालेला थर पसरतो आणि रेघ पुसट होते. इतकंच पुरतं.

काजळ, भुवया, ओठ

फक्त खालच्या पापणीत भरलेलं जाड काजळ डोळा खाली ओढतं, आणि तेलकट त्वचेवर ते उतरून डोळ्यांखालच्या काळेपणात मिसळतं. काजळ वरच्या पापणीच्या मुळाशी लावून बघा. खाली हवंच असेल तर तपकिरी पेन्सिल, तीही बाहेरच्या एक तृतीयांश भागात. फरक लगेच दिसतो.

भुवयांचं काम सावकाशीचं. वारंवार थ्रेडिंग करून बारीक झालेली भुवई चेहऱ्यावरची हालचाल पुसून टाकते, आणि भुवईचं शेपूट तिच्या सुरुवातीच्या पातळीपेक्षा खाली उतरलं असेल तर डोळा सतत थकलेला वाटतो. एक काडी नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरकी धरा. भुवई तिथे संपली पाहिजे. त्यापलीकडचे उतरते केस तेवढे काढा. बाकी दोन-तीन महिने थ्रेडिंग बंद, मधले चुकार केस फक्त चिमट्याने. तोवर रिकाम्या जागा गडद तपकिरी पेन्सिलने, केसाच्या दिशेने तुटक रेघा मारून भरा. काळी पेन्सिल वापरू नका, ती रंगवलेली दिसते.

ओठांवर गडद मरून मॅट लिपस्टिक पातळ ओठ आणखी पातळ करते. रंग तोच आवडत असेल तर लावण्याआधी लिप बाम लावून पाच मिनिटांनी टिपा, आणि लिपस्टिक ओठांच्या मधोमध बोटाने थोडी फिकी करा.

फाउंडेशन: राखाडी चेहऱ्याचं मूळ

आपल्याकडच्या बहुतेक त्वचेत पिवळसर, सोनेरी किंवा हिरवट झाक असते. त्यावर एक-दोन शेड उजळ आणि गुलाबी झाकेचं फाउंडेशन बसलं की दोन्ही मिळून राखेचा रंग येतो. हा राखाडीपणा निस्तेज आणि आजारी दिसतो, आणि तो लपवण्यासाठी वर आणखी ब्लश चढवला जातो. म्हणजे चूक झाकायला दुसरी चूक.

शेड तपासायची ती मनगटावर नाही. जबड्याच्या कडेला, गालापासून मानेकडे उतरणाऱ्या तीन रेघा ओढा: तुम्ही नेहमी घेता ती शेड, तिच्यापेक्षा एक गडद, आणि एक पिवळसर झाकेची. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका. बाहेर उजेडात या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण बरीच फाउंडेशन त्वचेच्या तेलाशी मिसळून थोडी गडद होतात. जी रेघ शोधावी लागते, ती तुमची शेड. जी उठून दिसते ती नाही, मग ती कितीही ‘उजळ’ दिसो.

कपाळ आणि ओठांभोवतीची त्वचा गालांपेक्षा गडद असणं आपल्याकडे अगदी सामान्य आहे. सगळा चेहरा गालांच्या शेडने एकसारखा रंगवला की तो मुखवटा होतो. कपाळाच्या कडेला आणि जबड्याखाली अर्धी-एक शेड गडद वापरा, किंवा तिथे फाउंडेशन लावूच नका. उजळ बाटली आधीच घेऊन ठेवली असेल तर फेकू नका. त्याच कंपनीची गडद शेड घेऊन हातावर मिसळा. एका चेहऱ्याला चण्याएवढं फाउंडेशन पुरतं. मधून बाहेर पसरवत जा, कडांना पोचेपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असावं.

फक्त रात्रीच्या फ्लॅशच्या फोटोतच चेहरा पांढरा येत असेल तर शेड कदाचित बरोबर आहे. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन आणि सिलिकाची पारदर्शक म्हणून विकली जाणारी पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकते. निघण्याआधी अंधाऱ्या खोलीत फोनच्या फ्लॅशने एक फोटो काढून बघा. दिवसाच्या हळदीला हेच सनस्क्रीन उत्तम. रात्रीच्या रिसेप्शनला त्याची गरज नाही.

डोळ्यांखालचा काळेपणा

आधी ठरवा, तो रंग आहे की सावली. आरशासमोर हनुवटी वर करा आणि समोरून टॉर्च पाडा. काळेपणा जवळजवळ नाहीसा झाला तर तो खड्ड्याची सावली आहे. तसाच राहिला तर त्वचेचाच रंग. सावलीवर कन्सीलरचे थर चढवून काही होत नाही, फक्त रेघा वाढतात. तिथे पातळ हात फिरवून सोडून द्या. रंग असेल तर मसुरीएवढा करेक्टर (कन्सीलरच्या आधी लावायचं रंगीत क्रीम), गव्हाळ त्वचेला पीच, सावळ्या त्वचेला नारिंगी, फक्त काळ्या भागावर बोटाने दाबून लावा. वर त्वचेच्याच शेडचं कन्सीलर, पातळ. करेक्टर न लावता दोन शेड उजळ कन्सीलर लावलं की तिथे पुन्हा तोच राखाडी डाग येतो आणि डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं दिसतात.

केसांचा रंग

पांढरे केस जसे आहेत तसे ठेवणं हा उत्तम पर्याय आहे. ज्यांना रंगवायचे आहेत त्यांच्यासाठी दोन दोष सांगते, दोन्ही नेहमीचे.

पहिला, शुद्ध काळा. वयानुसार भुवयांतला गडदपणा कमी होतो, आणि डबीवर १ क्रमांक असलेला काळा रंग त्या चेहऱ्याभोवती कडक चौकट आखतो. ३ किंवा ४ क्रमांकाचा तपकिरी आपल्या केसांवर काळसरच दिसतो, पण मऊ.

दुसरा, दर वेळी मुळांपासून टोकापर्यंत रंग लावणं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे रंगाची गरज फक्त मुळांना असते. टोकांवर थरावर थर बसून ती मिट्ट काळी आणि कोरडी होतात. रंग मुळांनाच लावा, आणि टोकं फिकी वाटली तर शेवटच्या पाच मिनिटांत कंगव्याने खाली ओढा.

नुसत्या मेंदीने पांढरे केस नारिंगी होतात. तपकिरी हवा असेल तर मेंदीत निळीच्या पानांची पावडर मिसळतात. काळा हवा असेल तर आधी मेंदी, ती धुऊन मग नीळ. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत बहुधा पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायमिन) हे ॲलर्जी आणू शकणारं रसायन असतं, पाकिटावरची घटकांची यादी वाचा. कोणताही रंग लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे थोडा लावून बघा. दर वेळी, कारण ॲलर्जी कित्येक वर्षांच्या वापरानंतरही सुरू होऊ शकते.

काळा झालेला केस घरी फिका करायला जाऊ नका. रंगावर दुसरा फिका रंग चढत नाही, ब्लीच लागतं. आणि आधी धातूचे क्षार असलेली पावडर वापरली असेल तर ब्लीचने केस तापून तुटू शकतो. पार्लरमध्ये आधी काय लावलं होतं ते खरं सांगा आणि एका बटेवर चाचणी करायला लावा.

ब्लाउज

हात वर करा. पूर्ण ब्लाउज हाताबरोबर वर उचलला गेला आणि काखेपासून छातीकडे तिरकी चुणी पडली, तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल काप, खोल कापलेला आहे. हात मोकळा राहावा म्हणून मुंढा खोल करायला सांगतात, आणि नेमकं उलट होतं: मुंढा काखेच्या जितका जवळ तितका हात मोकळा फिरतो. खोल मुंढा दुरुस्त होत नाही, कारण तिथलं कापड कापून गेलेलं असतं. पुढच्या ब्लाउजला अर्धा इंच वर घ्यायला सांगा.

पाठीवरची वळी मात्र बहुधा दुरुस्त होते. ब्लाउज उलटा करून बाजूची शिवण बघा. चांगला शिंपी आत माया (शिवणीतलं जादा कापड) सोडतो आणि दोन-तीन समांतर शिलाया मारतो. सगळ्यात आतली शिलाई उसवून पुढच्या शिलाईवर गेलात, आणि दोन शिलायांत पाव इंचाचं अंतर असेल, तर पुढचा आणि मागचा भाग धरून दोन्ही बाजूंनी मिळून घेर एक इंचाने वाढतो. तेवढ्याने बहुतेक वेळा वळी जाते. रेशमी कापडावर आधी खालचा एक इंचच उसवून बघा: सुईची भोकं किंवा आतला गडद राहिलेला रंग दिसत असेल तर तिथेच थांबा. शिवणीजवळ धागे सरकून विरळ जाळी दिसत असेल तर कापड ताण सहन करणार नाही, सैल करूनही पुढच्या कार्यात फाटेल.

बाहीची लांबी ठरवताना दंडाचा सगळ्यात रुंद भाग कुठे आहे ते बघा आणि बाही नेमकी तिथे संपवू नका. कोपराच्या एक इंच वर किंवा कोपरापर्यंत घ्या. टक्सचं टोक उभाराच्या पाऊण ते एक इंच आधी संपलं पाहिजे. अगदी टोकापर्यंत नेलं की तिथे कापड टोकदार उभं राहतं. माप देताना तीच ब्रा घालून जा जी त्या ब्लाउजखाली घालणार आहात. आणि जुना ब्लाउज ‘यावरून शिवा’ म्हणून देऊ नका. त्यातला प्रत्येक दोष नव्यात जसाच्या तसा उतरतो.

मुंढा, खांद्याची उतरण आणि टक्स या तिन्हींत एकदम गडबड असेल तर दुरुस्तीवर पैसे घालवू नका. शिंप्याकडे नवं माप द्या, आधी साध्या सुती कापडाचा एक ब्लाउज शिवून घ्या, तो बसला की मग रेशमाला कात्री लावायला सांगा.

इथे थांबा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा

गालांवर, कपाळावर दोन्ही बाजूंनी सारखे तपकिरी पट्टे असतील तर तो वांग असू शकतो. फेशियल, ब्लीच आणि घासण्याने तो वाढतो.

गोरेपणाची क्रीम वापरून चेहरा लाल, पातळ झाला असेल, बारीक रक्तवाहिन्या दिसत असतील किंवा क्रीम बंद करताच आग आणि पुरळ उठत असेल, तर त्या क्रीममध्ये स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावं ट्यूबवर शोधा. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने घेतलेल्या अशा ट्यूबने चेहऱ्याचं होणारं नुकसान कोणत्याही मेकअपने झाकत नाही, आणि ती कशी बंद करायची हेही डॉक्टरांनीच ठरवायचं.

टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरा डाग आला तर चिकट टिकली त्याच दिवशी बंद. तिच्या गोंदातल्या रसायनाने त्वचेचा रंग जाऊ शकतो.

मानेवर आणि काखेत काळसर, मखमली जाडसर त्वचा आली असेल तर ती मळाची नाही, घासू नका. तिचा संबंध बऱ्याचदा इन्सुलिनशी असतो, रक्तातली साखर तपासून घ्या.

भांग सरकवूनही टाळू दिसतच असेल, किंवा काही महिन्यांत वेणी स्पष्ट बारीक झाली असेल, तर तेल आणि शाम्पू बदलत बसू नका. हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइडची तपासणी डॉक्टर सांगतील.

केसांना रंग लावल्यावर पापण्या सुजल्या किंवा टाळूला पाणी सुटलं तर रंग लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. श्वास लागत असेल तर थेट रुग्णालयात. जाताना रंगाचं पाकीट आणि चेहऱ्याला लावत असलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या. नाव आठवून सांगण्यापेक्षा त्यावरची घटकांची यादी डॉक्टरांच्या जास्त उपयोगाची असते.